लाल दोरा

६ जानेवारी

प्रिय बटण,

अनेक आशीर्वाद. परवा तुमच्या निवाऱ्याच्या फाटकातून मी मागे वळून न पाहता निघाले, ते तुला कठोरपणाचं वाटलं असेल. वाटू दे. वळले असते तर ठिगळ्याला घेऊन घरी आले असते आणि गुडघ्याचं ऑपरेशन बसलं असतं बोंबलत.

दादाकडे सुखरूप पोचले. तुझा हा मावसभाऊ मला काचेच्या भांड्यासारखा सांभाळतोय, आणि सून पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. त्यांच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव आहे, लिफ्टमध्ये तशी पाटीच आहे. पाटीवरचं कुत्रं हुबेहूब ठिगळ्या, आणि त्याच्यावर लाल फुली. जाता-येता मी त्या पाटीची माफी मागते.

आता नीट वाच. ठिगळ्या अकरा वर्षांचा आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने माझ्याइतकाच म्हातारा आणि माझ्याइतकाच हट्टी. वाटीत जेवण ठेवलं की तो नुसता बघत बसतो. वाटीवर कात्रीने दोनदा टकटक केलं की मग तोंड लावतो. शिवणाच्या दुकानात जेवायला उठताना मी कात्री टेबलावर आपटायचे, त्याची ही सवय. डाव्या कानामागे खाजवायचं, उजव्या नाही. मोटारसायकलवर भुंकला तर ओरडू नकोस, तेवढीच एक नोकरी आहे त्याला.

दोन महिन्यांत मी येते आणि त्याला घेऊन जाते. तुमच्या फॉर्मवर मी ‘तात्पुरता मुक्काम’ या चौकटीत खूण केली आहे, लक्षात ठेव. कुणाला देऊन टाकलात तर तुझी खैर नाही.

फोन करू नकोस. मला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि तू फोनवर नुसतं हं हं करतेस. पत्रात माणसाला काहीतरी लिहावंच लागतं. लहानपणी माझ्या मशीनखालचं बटण गिळणाऱ्या पोरीच्या हवाली माझा जीव करून आले आहे, एवढं ध्यानात ठेवून लिही.

तुझी मावशी


१४ जानेवारी

प्रिय मावशी,

सा. न. ठिगळ्या मजेत आहे, आधी श्वास सोड.

पहिले दहा दिवस नवीन जनावर आम्ही बाकीच्यांपासून वेगळं ठेवतो. डॉक्टर तपासतात, दात, कान, पोट, सगळं. तुझ्या फॉर्मवर ‘जात’ या रकान्यात तू ‘कातरण’ लिहिलंस, ते वाचून डॉक्टर एवढे हसले की ठिगळ्याने पंजा काढून घेतला. मी सांगितलं, खरंच तो कातरणाच्या गोणीत सापडलेला आहे. मग त्यांनी ते तसंच राहू दिलं.

तुझा राखाडी स्वेटर त्याच्या पिंजऱ्यात आहे. आमच्याकडे ही पद्धतच आहे. जनावर सोडायला येईल त्याच्याकडून आम्ही एक न धुतलेला कपडा मागून घेतो. लोक लाजतात. घडी घातलेले, इस्त्री केलेले सदरे आणतात, मग त्यांना परत पाठवावं लागतं की अहो, घामट आणा, जितका मळका तितका बरा. त्या कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका मारायचा. शनिवारी आमचं मोठं धुणं असतं, पोत्याने चादरी आणि पंचे निघतात. लाल दोरा दिसला की तो कपडा बाजूला. बाकी काहीही धू, पण तो नाही.

तू विचारलं होतंस की हे सगळं चालतं कशावर. लोकांवर, मावशी. फाटकाशी एक पेटी आहे, तिच्यावर आम्हाला काय हवं त्याची यादी लावतो: जुने पंचे, वर्तमानपत्रं, गोधड्या. लोक टाकून जातात. कधी कधी एका बाहीचा रेनकोट आणि चार बुद्धिबळाची प्यादीही निघतात. काही जण लांबूनच एखाद्या पिंजऱ्याचे पालक होतात, त्यांना आम्ही दर महिन्याला जनावराची खबर कळवतो. आणि रविवारी फिरवणारे येतात. त्यांच्यातले एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांच्या पोटरीवर कुत्र्यांच्या दातांच्या तीन खुणा आहेत. म्हणतात, “चाळीस वर्षं ती माझ्यामागे धावली, आता मी त्यांच्यामागे धावून फिटंफाट करतो.”

साठ दिवसांची मुदत ५ मार्चला संपते. तोवर तुझा गुडघा धावायला लागू दे.

तुझी बटण


२४ जानेवारी

प्रिय बटण,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पोस्टमनला सांग, दुकानात येणाऱ्या पोस्टमनवर ठिगळ्या कधीच भुंकला नाही, कारण मी त्याला पाणी विचारायचे.

माझं बरं चाललंय. गुडघ्याचं काम जरा लांबलंय, डॉक्टर लोकांना घाई कधी असते? बसल्या बसल्या तुमच्या पेटीसाठी गाद्या शिवतेय. दादाला कातरणं आणायला लावलं. मशीन नाही, हातशिलाई आहे, त्यामुळे टाके बघू नकोस. शेजारच्या बाईंनाही कामाला लावलंय. त्यांना साधा धावदोरा येत नव्हता, आता बऱ्यापैकी जमतो. पार्सलात नऊ गाद्या आहेत. सगळ्यात मऊ ठिगळ्याला दे, हा पक्षपात आहे आणि मी तो उघडपणे करते.

आणि स्वेटरचा वास आता उतरला असेल, म्हणून उशीचा अभ्रा पाठवतेय. चार रात्री त्यावर डोकं ठेवलंय. तुमच्या पद्धतीप्रमाणे मळका आहे.

त्याचं जेवण कसं आहे ते लिही. टकटक करतेस ना?

तुझी मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

गाद्या पोचल्या आणि इथे एकच गडबड उडाली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या व्यवस्थापक, एरवी कुणाचं कौतुक म्हणून करायच्या नाहीत. त्यांनी गादी उलटी करून शिवण पाहिली आणि म्हणाल्या, “हे हात कुणाचे?” मी ऐटीत सांगितलं. तीन पायांची मांजर एका गादीवर चढली ती अजून उतरलेली नाही.

अभ्रा ठिगळ्याला दिला. त्याने हुंगला, दोन गिरक्या घेतल्या आणि त्यावर हनुवटी टेकून गाढ झोपला. जेवण उत्तम. कात्री आमची बँडेज कापायची आहे, पण त्याला चालते.

पोस्टमनकाकांचा त्याच्यावर फार जीव जडलाय. रविवारचे यायचे, ते आता मधल्या वारीही येतात. एकटेच असतात, घराला छोटं अंगण आहे. परवा हळूच विचारत होते, याची मालकीण खरंच येणार आहे का? मी म्हटलं, येणार म्हणजे येणारच.

मुदत जवळ आली आहे. कधी येतेस ते कळव, मी स्टेशनवर येते.

तुझी बटण


१८ फेब्रुवारी

बटणे,

खोटारडी! पकडलं की नाही?

मी पाठवलेल्या अभ्र्यावर माझं डोकं टेकलंच नव्हतं. इथे रोज सकाळी अभ्रे बदलतात, माझा मी लपवून ठेवला होता. पार्सल बांधताना गडबडीत मी नवा घातला आणि माझा मळका माझ्या पिशवीतच राहिला. तो मला तुझं पत्र आल्यावर सापडला. म्हणजे ठिगळ्याने परक्या, कोऱ्या कापडावर दोन गिरक्या घेतल्या आणि गाढ झोपला? अकरा वर्षं मी त्याला ओळखते. दुसऱ्याच्या पायपुसण्यावरही तो बसत नाही.

तुला थापा मारायला मीच शिकवलं असेन, गिऱ्हाइकांना “उद्या नक्की देते” म्हणताना तू माझ्या पायाशी बसलेली असायचीस. पण मी गिऱ्हाईक नाही. तो जेवतोय का? खरं खरं लिही.

आणि मोठ्या बाईंना विचार, महिनाभर मुदत वाढवून मिळेल का. मला थोडा उशीर होईल.

मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी,

तो जेवत नाही.

सगळं सांगते, मग हवं तेवढं बोल. तुझ्या स्वेटरला लाल दोरा मारायचा माझ्याकडून राहिला. शिवणाऱ्या बाईची भाची, आणि एक टाका मारायचा राहिला! तू सोडून गेलीस त्या दिवशी मला रडू येत होतं, मी सुई हातात घेतली आणि खाली ठेवून दिली, उद्या मारू म्हणून. मग मीच दुसऱ्या शनिवारी धुण्याच्या पोत्यात भरला. दुपारी दोरीवर वाळताना दिसला, तसा ओढून काढला. परत पिंजऱ्यात ठेवला. ठिगळ्याने हुंगला, मग सगळा पिंजरा हुंगला, मग दाराकडे तोंड करून बसला. तेव्हापासून चमच्याने भरवावं लागतंय. बरगड्या दिसायला लागल्यात. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही, मन उठलंय. तुला हे लिहायची माझी छाती झाली नाही. मला माफ कर, नाही तर नको करूस.

पण आता माझंही एक ऐक. तो अभ्रा हुंगून ठिगळ्या परक्यासारखा बाजूला झाला नाही, तो शेपूट घालून कोपऱ्यात गेला. तसा तो फक्त डॉक्टरांच्या खोलीच्या दारात करतो. म्हणून मी नाक लावून पाहिलं. मावशी, त्याला औषधी साबणाचा वास होता. कुठल्या घरात रोज सकाळी अभ्रे बदलतात? शेजारच्या बाई कोण? तू कुठे आहेस?

मोठ्या बाईंनी तीस दिवस वाढवून दिलेत, पण त्या म्हणाल्या तेही लिहिते. “मालक येईल म्हणून थांबवलेलं म्हातारं जनावर थांबूनच संपतं. यायचं असेल तर या म्हणावं, नसेल तर सही करा. घर चालून आलंय त्याला.” दुसरा कागद सोबत ठेवतेय. ‘कायमचा सोडला’ असं लिहिलेला. तो कागद कोरा परत आला तर मला फार आनंद होईल. तू ये.

बटण


२ मार्च

माझ्या बटणा,

रागावले नाही. दहा मिनिटं रागावले होते, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सगळं सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. एक टाका! अगं, नवरीच्या पोशाखाला एक बाही लावायची राहिली होती माझ्याकडून. ती तुझ्या जन्माआधीची गोष्ट.

गुडघा ठणठणीत आहे. गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. पोटात आहे ते. निवाऱ्यात आले त्याच्या आधीच मला कळलं होतं. दादाकडे पंधरा दिवस राहिले आणि मग इथे रुग्णालयात आणलं. उघडून पाहिलं आणि परत शिवून टाकलं. डॉक्टर गोल गोल बोलत होता, मी म्हटलं, बाबा, मी कापडातली बाई आहे, विरलेल्या कापडाला टाका धरत नाही हे मला सांगू नकोस. दादाला बोल लावू नकोस, तोंडावर बोट ठेव असं मीच त्याला बजावलं होतं.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी दुसऱ्या चौकटीत खूण करायला लावली असतीस. तुमचा नियमच तसा आहे आणि तो बरोबर आहे. पण मला साठ दिवस हवे होते, बटण. इथे सगळे विचारतात, घरी कोण आहे? मी सांगते, माझं कुत्रं आहे, मी लवकर जाणार आहे त्याच्याकडे. हे म्हणता यावं म्हणून मी त्याला पिंजऱ्यात बसवून ठेवलं. माझ्या आशेपायी तो उपाशी राहिला. ही चूक तुझ्या टाक्यापेक्षा मोठी आहे, आणि ती मला फार लागली.

सही केली आहे. वाकडी आली, पण माझीच आहे.

पोस्टमनना विचार: रात्री कुठे झोपवणार? पायऱ्या किती आहेत? एकटं सोडून गावाला जातात का? आणि टकटक त्यांना शिकव.

सोबत माझा दुकानातला एप्रन पाठवतेय. दादाला मुद्दाम घरी धाडून मागवून घेतला. त्याला तेल आहे, खडू आहे, मी आहे. औषधाचा वास लागू नये म्हणून मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. फार वाटत होतं काढावासा. आता तरी लाल दोरा मार.

तुझी मावशी


१० मार्च

मावशी,

तुझं पत्र मी धुण्याच्या खोलीत वाचलं, मशीन चालू करून, बाहेर रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मोठ्या बाई आत आल्या, पत्र वाचलं, आणि माझ्या शेजारी टबावर बसल्या. त्या कधी बसत नाहीत.

एप्रनला पिशवीतून काढायच्या आधी दोरा मारला. दोन टाके मारले. मग पिंजऱ्यात ठेवला. यातलं अक्षरही खोटं नाही, मोठ्या बाई साक्षीला आहेत: ठिगळ्याने खिशात नाक खुपसलं आणि तसाच उभा राहिला, खूप वेळ. मग कण्हला. मग एप्रन ओढत कोपऱ्यात नेला आणि त्याच्यावर पडून राहिला. संध्याकाळी मी टकटक केलं तर उठून अर्धी वाटी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पोस्टमनकाकांनी किल्ल्यांच्या जुडग्याने टकटक केलं, तेव्हा सगळी.

त्यांची उत्तरं: स्वतःच्या खाटेशेजारी. पायऱ्या दोनच. गावाला जाण्यासारखं गाव उरलेलं नाही.

आता ऐक. दादाकडून मी सगळं काढून घेतलंय. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकी गाड्या लावायच्या जागेवर. आत जनावर येऊ देत नाहीत, मी हात जोडून पाहिले. पण खाली उभं राहायला कुणी अडवत नाही. रविवारी अकरा वाजता आम्ही तिघं येतोय, पोस्टमनकाकांच्या गाडीने. तुझी खुर्ची खिडकीशी न्यायचं तिथल्या नर्सने कबूल केलंय. खुशाल हाक मार, सगळं रुग्णालय गोळा झालं तरी चालेल.

बटण


१८ मार्च

प्रिय बटण,

हे दादा लिहून घेतोय, माझ्या बोटांत आता दम नाही. तो मध्ये मध्ये नाक ओढतो, त्याकडे दुर्लक्ष कर.

काल पाहिलं. तुम्ही आलात तेव्हा मी अर्धा तास आधीपासून खिडकीशी होते. काच उघडत नाही, ती कायमची बंद आहे. हे आधी कुणी सांगितलं नाही. मी हाका मारल्या, त्या मलाच ऐकू आल्या. मग शिवताना बोटात घालते त्या अंगुस्तानाने काचेवर टकटक केलं. दोनदा. पुन्हा दोनदा. तू वर बघून हात हलवत होतीस. पोस्टमनही बघत होते, टोपी काढून. ठिगळ्याने नाही बघितलं.

तू त्याचं तोंड धरून वर करत होतीस, ते मला दिसत होतं. वेडी कुठली. तो पोस्टमनच्या हाताकडे बघत होता. मग एक मोटारसायकल आली, तिच्यावर भुंकला, आणि पोस्टमनच्या पायावर टेकून बसला. अगदी माझ्या पायावर बसायचा तसा.

मी रडले. खोटं कशाला बोलू? मला वाटलं होतं, एकदा वर बघेल. एवढंच मागत होते. पण मग नर्सने विचारलं, आजी, ओळखलं का तुम्हाला? मी म्हटलं, नाही, पण अंगात किती भरलाय बघा.

यावर मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर तू सांगशील की जाताना त्याने मागे वळून बघितलं. मीही वळले नव्हते, फिटंफाट झाली.

आता तो एप्रन धुऊन टाक. पोस्टमनना दे, ते घालतील, त्याला त्यांचा वास लागेल. ठिगळ्याला आता तेच बरं.

मावशी


६ एप्रिल

प्रिय बटण,

आई गेली तेव्हा तू इथे होतीस, पण गर्दीत बोलता आलं नाही. काल तिच्या सामानाची पिशवी रुग्णालयातून आणली. सगळं स्वच्छ धुऊन, घडी घालून दिलंय. गाऊन, टॉवेल, तिचा तो मळका अभ्रासुद्धा. त्यांनी चांगुलपणानेच केलं. मी एकेक उघडून नाकाला लावत बसलो. कशालाच ती नाही.

तुला हसू येईल, पण विचारतो. तो एप्रन धुतलास का? आईने धुवायला सांगितलं होतं, माझ्याच हाताने लिहिलंय. तरी नसशील धुतलास, तर मला हवा होता.

दादा


११ एप्रिल

प्रिय दादा,

नाही धुतला. मावशीचा एवढा एक शब्द मी मोडला.

ठिगळ्या पोस्टमनकाकांकडे गेला त्या दिवशी त्याला एप्रन दिला होता. चार दिवसांनी काकांनी परत आणून दिला. म्हणाले, तो आता माझ्या सदऱ्यावर झोपतो, हा तुमच्याकडे असू द्या. मी घरी आणला आणि माझ्या उशाशी ठेवला. रोज खिशात नाक घालते. कुणाला सांगितलं नव्हतं.

सबंध द्यायला माझं मन होईना, न द्यायलाही होईना. म्हणून मधोमध कापला. मावशीच्या दुकानातून आणलेल्या कात्रीने कापला, तरी रेघ वाकडी गेली. ती असती तर म्हणाली असती, इतकी वर्षं माझ्या पायाशी बसून काय शिकलीस? खिशाचा भाग तुला पाठवतेय. खडू अजून आत आहे.

पिशवी लगेच बंद करत जा, वास उडतो. कोपऱ्यात लाल दोरा मारला आहे. वहिनीला दाखवून ठेव.

बटण